अभिक्रिया घडेल का? आधी बेरजा मांडा

कणांची अभिक्रिया समोर आली की मी कागदावर मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे आधीचे कण, उजवीकडे नंतरचे. खाली एकेक ओळ: विद्युतभार, बेरिऑन अंक (क्वार्क या मूलघटकांपैकी तीन मिळून बनलेल्या, प्रोटॉनसारख्या कणांची मोजणी), लेप्टॉन अंक (इलेक्ट्रॉनसारख्या कणांची मोजणी), स्ट्रेंजनेस (कणातल्या ‘स्ट्रेंज’ जातीच्या क्वार्कचा हिशोब). मग प्रत्येक ओळीची दोन्हीकडची बेरीज करायची. पाठ केलेल्या नियमांपेक्षा ही सवय कितीतरी जास्त उपयोगी पडते.

सरावाला १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सापडलेली घटना घ्या. के-वजा (ऋणभाराचा केऑन कण) प्रोटॉनवर आदळला. निघाले ओमेगा-वजा, के-अधिक आणि के-शून्य. भार: डावीकडे −१ आणि +१, म्हणजे ०, उजवीकडे −१, +१, ० मिळूनही ०. बेरिऑन अंक दोन्हीकडे १. स्ट्रेंजनेस डावीकडे −१. उजवीकडे −३, +१, +१, म्हणजे पुन्हा −१. सगळं जुळलं. भौतिकशास्त्रज्ञ मरे गेल-मान यांनी १९६२ मध्येच सममितीच्या आधारे ओमेगा-वजाचं भाकीत केलं होतं. दहा कणांच्या मांडणीत नेमकी त्याचीच जागा रिकामी होती.

चिन्हं मात्र जपून लिहा. स्ट्रेंज क्वार्कची स्ट्रेंजनेस −१ धरतात, +१ नव्हे. के-अधिकमध्ये त्याचा प्रतिक्वार्क असतो, म्हणून तिथे +१ येतो.

आता खरी अडचण. लॅम्डा हा भार नसलेला बेरिऑन फुटून प्रोटॉन आणि पाय-वजा (ऋणभाराचा पायॉन कण) होतात. भार जुळतो, बेरिऑन अंक जुळतो, पण स्ट्रेंजनेस −१ वरून ० होते. शिकत असताना मी या ओळीपुढे लाल पेनाने ‘अशक्य’ असं लिहिलं होतं. ते चूक होतं. भार किंवा बेरिऑन अंक जुळला नाही तर अभिक्रिया खोडा. स्ट्रेंजनेस जुळली नाही तर आधी विचारा, काम कोणत्या बलाचं आहे? क्वार्कना बांधून ठेवणारं तीव्र बल त्यांची जात बदलत नाही, क्षीण बल बदलतं. त्याची खूण आयुर्मानात दिसते: तीव्र बलाने फुटणारे कण सेकंदाच्या १० चा उणे २३ वा घात एवढ्या काळात संपतात, लॅम्डा सुमारे ०.२६ नॅनोसेकंद टिकतो. या मानाने तो काळ प्रचंडच.

वस्तुमानही तपासा: फुटून निघालेल्या कणांची बेरीज मूळ कणापेक्षा जास्त असून चालत नाही. लॅम्डा सुमारे १११६ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक). प्रोटॉन आणि पाय-वजा मिळून १०७८. प्रोटॉन आणि के-वजा मिळून १४३२ होतात, त्यामुळे स्ट्रेंजनेस जुळत असूनही ती वाट बंद.

आता ओमेगा-वजा फुटून लॅम्डा आणि के-वजा होतात, ते मांडा. वस्तुमान १६७२ एमईव्ही धरा आणि शेजारी बलाचं नाव लिहा.