एक्स्पांड आणि अनएक्स्पांड: टॅबच्या स्पेस करताना या चुका टाळा

‘एक्स्पांड’ ही कमांड फाइलमधल्या टॅबच्या जागी स्पेस टाकते, ‘अनएक्स्पांड’ स्पेसच्या जागी टॅब. लिनक्स, मॅक, बीएसडी, सगळीकडे ही जोडी आधीपासून असते. दोन्ही कमांड इतक्या छोट्या की मॅन पेज (कमांडची माहितीपुस्तिका) न उघडताच चालवल्या जातात, आणि नुकसान तिथेच होतं.

मूळ फाइलच रिकामी होते

एक्स्पांड आपला निकाल टर्मिनलवर छापते, फाइल बदलत नाही. म्हणून कुणीतरी पुढे ‘>’ लावून त्याच फाइलचं नाव देतं. शेल (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) मात्र कमांड सुरू होण्याआधीच ‘>’ पुढची फाइल रिकामी करतो. एक्स्पांडला वाचायला काही उरतच नाही. निकाल वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये घ्या, डोळ्यांखालून घाला आणि मगच ‘एमव्ही’ने जागेवर आणा. किंवा मोअरयूटिल्स पॅकेजमधली ‘स्पंज’ वापरा. ती सगळं वाचून झाल्यावरच फाइल लिहायला घेते.

मजकुरात बदल करणाऱ्या ‘सेड’ कमांडची सवय असलेल्यांना इथे आणखी एक फसगत होते. सेडमध्ये ‘-आय’ म्हणजे फाइल जागच्या जागी बदलणं. जीएनयू एक्स्पांडमध्ये त्याच ‘-आय’चा अर्थ ‘फक्त ओळीच्या सुरुवातीचे टॅब बदल’ असा आहे.

टॅब म्हणजे चार स्पेस नव्हेत

बहुतेक गोंधळाचं मूळ हेच. टॅब म्हणजे पुढच्या थांब्यापर्यंतची उडी. थांबे दर ८ रकान्यांवर असतील, तर तीन अक्षरांनंतरच्या टॅबला ५ स्पेस लागतात आणि सात अक्षरांनंतरच्या टॅबला एकच. सेडने सरसकट प्रत्येक टॅबच्या चार स्पेस केल्या की ओळीच्या सुरुवातीचा इंडेंट ठीक दिसतो, पण पुढे रांगेत लावलेल्या कॉमेंट वाकड्या होतात. एक्स्पांड हा हिशेब नीट करते, फक्त थांबा किती रकान्यांचा हे तिला खरं सांगावं लागतं. न सांगितल्यास ती ८ धरते. लिनक्स कर्नलच्या कोडला ते बरोबर आहे, पण मूळ लेखकाने ४ धरून लिहिलेल्या फाइलला नाही. फाइल वाचायच्या ‘लेस’ कमांडला ‘-एक्स४’ आणि मग ‘-एक्स८’ देऊन तीच फाइल पाहा. ज्या आकड्याला कॉमेंट सरळ रांगेत येतात, तोच एक्स्पांडच्या ‘-टी’ला द्या.

जिथे टॅबलाच अर्थ असतो

मेकफाइलमध्ये, म्हणजे ‘मेक’ कमांडला प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, कृतीची प्रत्येक ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. त्याच्या स्पेस झाल्या की ‘मिसिंग सेपरेटर’ असं म्हणून मेक थांबतो. इथे ‘-आय’ वाचवत नाही, कारण तोडायचा नसलेला टॅब सुरुवातीलाच आहे. शेल स्क्रिप्टमधल्या ‘<<-’ हिअरडॉकचंही (स्क्रिप्टमध्येच, ठरावीक शेवटच्या शब्दापर्यंत लिहिलेला मजकूर) तसंच. तो फक्त सुरुवातीचे टॅब गाळतो, स्पेस गाळत नाही, त्यामुळे इंडेंट केलेला शेवटचा शब्द त्याला सापडत नाही. टीएसव्ही फाइलवर (टॅबने रकाने वेगळे केलेली यादी) तर एक्स्पांड चालवूच नका. दोन रकान्यांमधली सीमाच पुसली जाते.

अनएक्स्पांड चालवून ती परत मिळेल ही आशाही खोटी. ‘-ए’ दिल्यावर अनएक्स्पांड थांब्यापर्यंत पोहोचणाऱ्या दोन किंवा अधिक स्पेसचा टॅब करते, मग त्या स्पेस आधी टॅब होत्या की वाक्यातल्या साध्या स्पेस, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. ‘-ए’ न देता ती फक्त ओळीच्या सुरुवातीला हात लावते, पण ‘-टी’ दिलंत की ‘-ए’ आपोआप चालू होतं. चार स्पेसने बिघडलेली मेकफाइल दुरुस्त करताना म्हणूनच ‘-टी ४’ सोबत ‘--फर्स्ट-ओन्ली’ द्या. मॅकच्या मूळ आवृत्तीत ना हा पर्याय आहे ना एक्स्पांडचा ‘-आय’. तिथे होमब्रूमधून (मॅकवर प्रोग्राम बसवायचं साधन) जीएनयूच्या कमांडचा संच, कोअरयूटिल्स, घ्या, मग त्याच कमांड नावाआधी ‘जी’ लावून मिळतात.

मराठी मजकूर

याची चर्चा जवळपास होतच नाही, पण मराठीत याद्या करणाऱ्या प्रत्येकाला हे भोवतं. अनेक लिनक्स मशीनवरची एक्स्पांड अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं असतात. ‘पुणे’ म्हणजे ४ चिन्हं, १२ बाइट. पुढचा थांबा १६, म्हणून ४ स्पेस. ‘कोल्हापूर’ म्हणजे ९ चिन्हं, २७ बाइट. पुढचा थांबा ३२, म्हणून ५ स्पेस. पडद्यावर आखूड दिसणाऱ्या पुण्याला जास्त जागा हवी होती आणि लांबलचक कोल्हापूरला कमी, मिळालं नेमकं उलटं. इंग्रजी नावांवर कमांड तपासून समाधान मानू नका. गावांची, नावांची यादी टॅबसकटच ठेवा. पाहण्यापुरती रांगेत हवी असेल तर युटिल-लिनक्समधल्या ‘कॉलम’ला ‘-टी’ द्या आणि ‘-एस’ने टॅब हे विभाजक म्हणून सांगा. ती पडद्यावरची रुंदी मोजते.

तपासतानाही मराठीचा विचार करा. ‘कॅट -ए’ (मोठं ए) टॅब दाखवते खरी, पण देवनागरीचा पार चुथडा करते. मोठ्या टीचं ‘कॅट -टी’ वापरा, टॅबच्या जागी फक्त ‘^आय’ उमटतं आणि मजकूर वाचता येतो.

एक्स्पांड चालवूनही पायथन टॅबएरर (टॅब आणि स्पेसची सरमिसळ झाल्याची तक्रार) देत असेल, तर बदललेली फाइल जागेवर आली का ते आधी पाहा. तक्रार टॅबची नसून अनोळखी, न छापल्या जाणाऱ्या चिन्हाची असेल, तर वेबपेजवरून चिकटवलेल्या कोडमध्ये न तुटणारी स्पेस शिरलेली असते. तिला या दोन्ही कमांड हात लावत नाहीत. ती सेडने वेगळी बदलावी लागते.

पूर्ण प्रोजेक्टवर चालवताना

‘फाइंड’ला सगळ्या फाइल द्यायला सांगितलं तर ती ‘.गिट’ फोल्डरमध्येही (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटचा स्वतःचा साठा) शिरते आणि रिपॉझिटरी खराब होऊ शकते. ‘गिट एलएस-फाइल्स’ची यादी घ्या आणि त्यातून हव्या त्या एक्स्टेन्शनच्याच फाइल निवडा. हा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. कमिट करण्याआधी ‘गिट डिफ -डब्ल्यू’ (स्पेस-टॅबचे फरक सोडून बाकी बदल दाखवणारी कमांड) कोरा आला पाहिजे, पण मेकफाइल बिघडली असली तरी तो कोराच येतो, म्हणून ‘मेक -एन’ही चालवा. शेवटी त्या कमिटचा हॅश एका फाइलमध्ये लिहून ‘गिट ब्लेम’ला ‘--इग्नोर-रेव्ह्ज-फाइल’ने द्या. २०१९ च्या गिट २.२३ पासून ही सोय आहे, आणि ओळ खरी कुणी लिहिली ते पुढेही शोधता येतं.