हेवी ड्युटी पिकअप: पेट्रोल घ्यावा की डिझेल?

डिझेल म्हणजे स्वस्त, हा हिशेब आपण महाराष्ट्रातून येताना सोबत घेऊन येतो. अमेरिकेत तो चालत नाही. इथे गॅलनमागे केंद्रीय करच पेट्रोलवर १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे, आणि पंपावरही डिझेल बहुतेक वेळा महागच असतं. शिवाय फोर्ड एफ-२५०, रॅम २५०० किंवा शेव्ही सिल्व्हराडो २५०० एचडी, कुठलाही ट्रक डिझेलमध्ये घ्यायचा तर त्याच ट्रकच्या पेट्रोल मॉडेलपेक्षा साधारण १०,००० डॉलर जास्त पडतात. इंधन वाचेल म्हणून डिझेल घेणार असाल, तर आधी कागदावर आकडे मांडा.

समजा वर्षाला १५,००० मैल गाडी चालते आणि त्यातले ५,००० मैल मागे ट्रेलर असतो. पेट्रोल गॅलनला ३.१० डॉलर आणि डिझेल ३.७० धरू, तुम्ही तुमच्या पंपावरचे भाव घाला. पेट्रोल ट्रक रिकामा १४ मैल देतो आणि ट्रेलरसकट ८. डिझेल १८ आणि ११. पेट्रोल लागलं १,३४० गॅलन, म्हणजे सुमारे ४,१५० डॉलर. डिझेल १,०१० गॅलन, सुमारे ३,७४०. वाचले चारशे. त्यातून डीईएफचे (डिझेलचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) शंभरएक डॉलर, जास्तीचं ऑइल आणि इंधनाचे फिल्टर वजा केले की हातात फारसं काही उरत नाही. पुढे विकताना डिझेलला भाव चांगला येतो, त्यामुळे दहा हजारांतले काही परत मिळतात. पण इंधनातून ते वसूल होत नाहीत. आणि हे मायलेज शोरूमच्या स्टिकरवर शोधू नका. ८,५०० पौंडांच्या वरच्या ट्रकला सरकारी मायलेजचा आकडा छापावा लागत नाही, म्हणून तिथे तो नसतोच.

मग डिझेल घ्यायचं ते वजनासाठी आणि घाटासाठी.

फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल व्ही-८ (२०२० पासून मिळतं) ४,००० आरपीएमला पूर्ण टॉर्क (ओढायची ताकद) देतं, साधारण ४८५ पौंड-फूट. रॅमचं ६.७ लिटरचं कमिन्स डिझेल १,८०० आरपीएमलाच १,०७५ देतं. म्हणून चढावर पेट्रोल इंजिन दोन-तीन गिअर खाली येऊन ४,००० च्या वर ओरडत राहतं. त्याने बिघडत काही नाही, ते त्यासाठीच बनवलंय. पण चार तास तो आवाज ऐकायची तयारी हवी. उंचीवर फरक आणखी वाढतो. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. कोलोरॅडोत आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. डिझेलचा टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो.

चढापेक्षाही उतार महत्त्वाचा, आणि घेताना नेमका तोच कुणी विचारात घेत नाही. डिझेलला टर्बोतूनच एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाकरवीच वेग रोखणारा) मिळतो: बटण दाबलं की १२,००० पौंडांचा ट्रेलर सात टक्के उतारावरही वेग धरून खाली येतो, पायाचा ब्रेक अधूनमधूनच लागतो. पेट्रोलला टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारी सोय) आणि खालचा गिअर एवढाच आधार. हलक्या ट्रेलरला तो पुरतो. जड ट्रेलर असेल तर ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर पकडत नाही.

आता पेलोड, म्हणजे ट्रकला स्वतःच्या पाठीवर किती वजन वाहता येतं ते. सर्वात जास्त फसगत इथेच होते. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. जाहिरातीतला आकडा विसरा, त्या विशिष्ट ट्रकचा खरा आकडा हाच. २५० किंवा २५०० वर्गात ट्रकचं सामानासकट कमाल वजन बहुधा १०,००० पौंड असतं. डिझेल इंजिन आणि त्याचा लवाजमा पेट्रोलपेक्षा काहीशे पौंड जड असतो, आणि ते वजन थेट पेलोडमधून कापलं जातं. भारी ट्रिमचा, चार दारांचा, फोर बाय फोर डिझेल २५०० घेतला तर स्टिकरवर २,००० च्या आसपासचा आकडाही सापडतो.

उदाहरण घ्या. १२,००० पौंडांचा फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे ट्रकच्या हौद्यातल्या जोडणीवर (हिचवर) टेकणारा. त्याच्या वजनाचा २० टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो, म्हणजे २,४०० पौंड. हिचचे १५०, चौघांचे आणि कुत्र्याचे ६५०. झाले ३,२००. डिझेल २५०० हा ट्रेलर हसत ओढेल, पण एवढं वजन स्टिकरवरच्या मर्यादेत बसणार नाही. अशा वेळी डिझेलच हवं असेल तर त्याच्या वरच्या वर्गातला ३५०० घ्या. किंमतीतला फरक थोडा आणि मागचे स्प्रिंग दणकट. मागे नुसत्या हिचवर ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर असेल तर भार १० ते १५ टक्केच धरा.

ढोबळ मानाने आमचा सल्ला असा. ट्रेलर ८,००० पौंडांच्या आत आणि वर्षातून चार-सहा वेळाच निघणारा: पेट्रोल, डोळे झाकून. १२,००० च्या वर, किंवा महिन्यातून दोनदा डोंगरात: डिझेल. मधल्या पट्ट्यात तुमचा रस्ता सपाट आहे की घाटाचा यावर ठरवा. पेट्रोल घेताना मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर (आकडा मोठा तेवढी ओढ जास्त) मात्र विचारून घ्या. फोर्डमध्ये ३.७३ ऐवजी ४.३०, रॅममध्ये ४.१० मागा, नंतर बदलायचं तर हजारो डॉलर जातात. बर्फ सारायचं प्लाऊ लावणाऱ्यांनाही पेट्रोल बरं, कारण पुढच्या अॅक्सलवर आधीच डिझेलचं ओझं नसतं.

तुमचं रोजचं जाणं पाच-सात मैलांचं असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळायला फिल्टर सुमारे १,००० अंश फॅरेनहाइटपर्यंत तापावा लागतो. त्यासाठी हायवेवर वीस-तीस मिनिटं सलग चालवावं लागतं. शाळा, किराणा, घर एवढंच चक्कर मारणाऱ्या ट्रकमध्ये हे जाळणं दर वेळी अर्धवट राहतं. मग दिवा लागतो, ताकद कापली जाते आणि डीलरकडे मोठं बिल होतं. तासन्‌तास उभं राहून इंजिन चालू ठेवणंही त्याच पंगतीतलं. जाळणं चालू असताना वाळक्या गवतावर ट्रक उभा करू नका, आग लागते.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी. ते उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतं, पण टाकीला हीटर असतो, त्यामुळे गोठण्याची चिंता नको. चिंता असावी ती डीईएफच्या टाकीचं निळं झाकण आणि डिझेलचं झाकण यांत गल्लत होण्याची. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर इग्निशनला हातही लावू नका. पंप, इंजेक्टर, नळ्या सगळं बदलायची पाळी येते. पेट्रोल पडलं तरी तेच: सुरू न करता टो करून न्या. डिझेलच्या नोझलचा रंग बहुधा हिरवा, पण बीपीच्या पंपावर पेट्रोलचं हँडल हिरवं असतं. रंगावर जाऊ नका, लिहिलेलं वाचा.

देखभालीचा खर्चही वेगळा आहे. कमिन्सला एका वेळी १२ क्वार्ट ऑइल लागतं, फोर्डच्या डिझेलला १३, रॅमच्या ६.४ हेमी पेट्रोलला ७. डिझेलचे इंधन फिल्टर वेळेवर बदला, पाण्याचा दिवा लागला की लगेच पाणी काढा. मिनेसोटा किंवा कॅनडात राहत असाल तर रात्री ब्लॉक हीटर लावा आणि हिवाळी मिश्रणाचं डिझेल भरा. फ्लोरिडातून भरून आणलेली टाकी उत्तरेत फिल्टरमध्ये मेणासारखी गोठते.

जुना डिझेल घेताय तर वर्ष बघून घ्या. २००३ ते २००७ चं फोर्डचं ६.० लिटर हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला धूर थंड करणारा भाग) यांसाठी बदनाम आहे. बॉशचा सीपी४ हाय प्रेशर पंप २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये (शेव्हीचं डिझेल इंजिन), २०११ नंतरच्या फोर्ड ६.७ मध्ये आणि २०१९-२० च्या रॅममध्ये होता. तो आतून झिजून तुटला की धातूचा चुरा सगळ्या इंधन यंत्रणेत पसरतो आणि दुरुस्ती पाच आकडी जाते. रॅमने त्यासाठी गाड्या परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीचं काम झालंय का, ते एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर चेसिस नंबर टाकून पाहा.

सायलेन्सरच्या तोंडात पांढरा कागद फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर नळी आतून स्वच्छ असते, कागदावर फार तर राखाडी छटा येते. काळीकुट्ट काजळी आली तर फिल्टर फुटलाय किंवा कुणी काढून टाकलाय. काढलेला ट्रक स्वस्त मिळतो, पण तशी छेडछाड क्लीन एअर अॅक्टखाली बेकायदा आहे आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तो तपासणीत पासच होत नाही. नंतर डॅशबोर्डच्या मेनूत इंजिनाचे एकूण तास आणि उभं राहून चाललेले तास बघा. ६०,००० मैलांवर ४,००० तास दिसले तर सरासरी ताशी १५ मैल, म्हणजे हा ट्रक पळण्यापेक्षा उभाच जास्त होता. तेवढी किंमत पाडून मागा, नाहीतर पुढचा ट्रक बघा.