आपल्या वाट्याचा कार्बन कसा मोजावा आणि कुठे कमी करावा

प्रथम गेल्या बारा महिन्यांतील विजेच्या युनिटांची बेरीज करावी. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे जुनी बिले सापडली नाहीत तरी अडत नाही. या बेरजेला घरातील माणसांच्या संख्येने भागावे, कारण सहा जणांच्या घराचे मोठे बिल एकट्याच्या मध्यम बिलापेक्षा अनेकदा अधिक न्याय्य असते. आलेल्या संख्येला 0.7 ने गुणावे. देशाच्या ग्रिडमधील, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातील, एका युनिटामागे साधारण तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जाते. राख आणि धूर मात्र चंद्रपूर, कोराडी, परळी येथील कोळशावरच्या औष्णिक केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांच्या वाट्याला येतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी एसी नसतो.

याच हिशेबात पेट्रोलचे लिटरमागे 2.3 किलो आणि गॅसच्या 14.2 किलोच्या सिलिंडरमागे सुमारे 42 किलो धरावेत. विमानप्रवास विसरू नये: मुंबई-लंडन जाण्यायेण्याचा एका प्रवाशाचा भार 1 टनाच्या आसपास जातो, म्हणजे दरमहा 120 युनिटे वापरणाऱ्या अख्ख्या घराच्या वर्षभराच्या विजेइतका.

आता गरज आणि चैन वेगळी करावी. आजारी माणसाचा पंखा किंवा इन्शुलिन ठेवलेला फ्रिज यांवर काटकसरीचा बडगा उगारू नये. कामवाल्या ताईंना थंड पाण्यात भांडी घासायला लावून वाचवलेली वीज ही नैतिकता नव्हे. कात्री लावायची ती सर्वांत मोठ्या आणि सर्वांत अनावश्यक वापराला. चार्जर प्लगमध्ये राहिला म्हणून मुलांवर ओरडणारे आपण रात्रभर 20 अंशांवर एसी लावून गोधडी पांघरतो! ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार एसीचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 26 अंश आणि मंद पंखा पुरेसा होतो. जुना 75 वॅटचा पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला 27 युनिटे लागतात, तर 30 वॅटच्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याला 11. धुलाईयंत्र दुपारी लावावे, कारण तेव्हा ग्रिडमध्ये सौर वीज असते आणि सूर्यास्तानंतर भार पुन्हा कोळशावर येतो.

भाडेकरूच्या घरातील जुनाट फ्रिज किंवा गीझर बदलणे त्याच्या हाती नसते. बिल तो भरतो, पण यंत्र निवडतो घरमालक, म्हणून ती जबाबदारीही मालकाचीच समजावी.

गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांचा सामायिक वापर सचिवांकडून मागवून घ्यावा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत अशा सामायिक वापरासाठी गच्चीवर सौर संच बसवणाऱ्या संस्थांना प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान आहे. या सौर संचाचा विषय पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत यावा यासाठी सचिवांना लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले विषय आयत्या वेळी 'वेळेअभावी' मागे पडतात.