जेमी खरंच बदलला का? भाग बघून गप्पा कशा रंगवायच्या

शुक्रवारी रात्री मी, धाकटी बहीण आणि मावसभाऊ ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही राजेरजवाड्यांची काल्पनिक मालिका बघतो. आम्ही दोघी दुसऱ्यांदा, तो पहिल्यांदाच. भाग संपल्या संपल्या ‘चांगला की वाईट’ यावर जाऊ नका, गप्पा तिथेच अडकतात. एकच प्रसंग निवडा आणि परत लावा.

तिसऱ्या सीझनचा (२०१३) पाचवा भाग घ्या. हॅरनहॉल किल्ल्यातलं न्हाणीघर, सगळीकडे वाफ. जेमी लॅनिस्टर पाण्यात उतरतो; उजवा हात मनगटापासून तुटलेला. ज्याचा तो अंगरक्षक होता त्या ‘वेड्या राजा’ला का मारलं, हे तो सोबतच्या ब्रिएन या योद्धा स्त्रीला सांगतो: राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता. मग त्याला भोवळ येते, ती त्याला धरते आणि मदतीला हाक मारताना ‘किंगस्लेअर’ (राजाचा मारेकरी, लोकांनी त्याला पाडलेलं नाव) म्हणते. तो कसाबसा म्हणतो, माझं नाव जेमी.

इथे थांबवा. विचारा: इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस आत्ताच का बोलला? बहीण म्हणते, तलवारीचा हात गेला, आता मिरवायला काही उरलं नाही. मला हे मनापासून पटतं.

मग उलट बाजू काढा. पहिल्याच भागात यानेच लहानग्या ब्रॅनला खिडकीतून ढकललं होतं. ‘बदलला’ म्हणणाऱ्याने ते प्रकरण पुसून टाकायचं नाही, आणि ‘बदलला नाही’ म्हणणाऱ्यानेही प्रसंग दाखवूनच बोलायचं.

पुढचं मात्र फोडू नका. आठव्या सीझनचा विषय निघाला की आम्ही दोघी चहा टाकायला उठतो.