'ब्लेड रनर'ची डिस्क कुठली आवृत्ती आहे, शेवट लावून ओळखा

जुन्या बाजारात रविवारी 'ब्लेड रनर' या सिनेमाची डिस्क मिळाली, पण आतली आवृत्ती १९८२ची, १९९२ची (डायरेक्टर्स कट) की २००७ची (फायनल कट), हे कळत नाही. कव्हर बदललेलं असतं आणि लांबीही सगळ्यांची दोन तासांच्या आतबाहेर, त्यामुळे मिनिटं मोजून काही हाती लागत नाही. घरी आलात की थेट शेवटची दहा मिनिटं लावा.

१. गच्चीवर पावसात खलनायक रॉय मरतो आणि त्याच्या हातातलं कबूतर उडतं. ते काळोख्या आभाळात गेलं, तर फायनल कट. विषय संपला.

२. एवढ्या पावसात कबूतर अचानक निळ्या, कोरड्या आभाळात शिरलं, तर आवृत्ती जुनी. मग अगदी शेवट बघा. लिफ्टचं दार बंद होऊन नावं सुरू झाली तर १९९२. हिरव्या डोंगरांतून गाडी चालली असेल आणि नायक निवेदन करत असेल, तर १९८२.

एकच आवृत्ती घ्यायची असेल तर मी फायनल कटच घ्या म्हणेन. निवेदनाची रटाळ बडबड त्यात नाही. (सिनेमा आधी पाहिला नसेल, तर ही तपासणी दुसऱ्या कुणाला करायला सांगा.)

एक मात्र बघून घ्या: अमेरिकेतून आलेली डीव्हीडी बहुधा रीजन १ची असते, आपल्याकडचा रीजन ५ (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे, त्याचा क्रमांक). प्लेअर मल्टी-रीजन नसेल तर ती चालणारच नाही. फोर-के डिस्कला रीजनची भानगड नाही, पण ती साध्या ब्लू-रे प्लेअरवर लागत नाही.