बेसची बॉडी: अखंड फळी का जोडाची?

परभणीचा एक पोरगा आहे, जयंतीच्या कार्यक्रमांत बेस (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) वाजवतो. परवा फोन आला, दादा मला स्वतःचा बेस बनवायचाय, सागवानाची चौदा इंच रुंद अखंड फळी कुठं मिळंल? म्हणलं अखंडच कशाला पाहिजे रे. तर म्हणे जोड असला की आवाज अडतो. हे लई जणांच्या डोक्यात बसलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आवाज बिवाज काही अडत नाही. फेंडर या गिटार कंपनीनं 1951 ला प्रिसिजन नावाचा बेस काढला, आधी अ‍ॅश मग 1956 पासून जास्त करून ऑल्डर (ही दोन्ही लाकडांची नावं), आणि त्या जुन्या बॉड्यांमधे दोन-तीन तुकडे चिकटवलेल्या कितीतरी निघतात, वरून सनबर्स्ट (कडेला गडद, मधे फिका) नाहीतर साधा रंग मारला की कोणाला कळतंय. रिकेनबॅकर या दुसऱ्या कंपनीनं तर 1957 ला जो 4000 नावाचा बेस काढला त्यात नेकचं (तारा दाबायच्या लांब दांडीचं) लाकूडच बॉडीतून पार बुडापर्यंत जातं आणि बॉडीचे पंख दोन्हीकडून चिकटवलेले, तिथं अखंडचा विषयच नाही.

अखंडची हौस मी पण केलीय बरं का. एका वखारीतून मार्चमधे दोन इंच जाडीची रुंद फळी आणली, मालक म्हणला एकदम वाळलेली आहे, मी पण हातानं ठोकून बघितली (जसं मला त्यातलं लई कळतं), महिनाभरात बॉडी कापून नेकचा खाचा पण पाडला. मेमधे पत्र्याखालच्या खोलीत ती अशी वाकली की सपाट फरशीवर ठेवली तर मधल्या भागाखालून पाच रुपयाचं नाणं आरपार सरकायचं. खाचा तिरका, नेक तिरकी, सगळं मुसळ केरात. झाडाचं लाकूड गोल वळ्यांच्या दिशेनं आक्रसतं ते मध्यापासून बाहेरच्या दिशेपेक्षा दुपटीच्या आसपास जास्त, म्हणून रुंद फळी वाळताना पन्हाळीसारखी होते, आणि आपल्याकडं मेचा फुफाटा अन ऑगस्टची दमट हवा यात लाकूड वर्षभर खालीवर होत राहतं. फळी जितकी अरुंद तितकं वाकणं कमी दिसतं. चौदा इंची फळीसाठी झाड पण तेवढंच जाड लागतं, मग भाव विचारूच नका.

तर लाकूड कसं घ्यायचं. किनवट-माहूरकडचं सागवान चांगलंच, पण पावती घ्या, सागाचं लाकूड बिनकागदाचं आणून लफड्यात पडू नका. मला स्वतःला जुन्या माळवदाच्या घराच्या तुळया लई आवडतात, कितीतरी वर्षं डोक्यावर वाळलेलं लाकूड असतं ते, फक्त आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा नाहीतर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा, आणि वाळवीची पोकळी आहे का ते ठोकून बघा. तुळई रुंदीला कमीच असते, म्हणजे जोड आपोआप आलाच. फळी नवी असंल तर घरातच आडव्या पट्ट्यांवर ठेवा, दर आठवड्याला वजन करा, वजन उतरायचं थांबलं की समजायचं ती तुमच्या हवेला सरावली. ओल मोजायचं मीटर असंल तर 8 ते 12 टक्के ओल चालते.

वजनाचा हिशोब आधीच करा. प्रिसिजनच्या आकाराच्या बॉडीत साधारण पावणेपाच लिटर लाकूड राहतं. सागवानात ती तीन किलोच्या आसपास जाते, बाभळीत पावणेचारच्या, शिवणीत सव्वादोनच्या. बाभूळ घेऊन तीन तास उभं राहून वाजवलं की खांदा रात्रभर झोपू देत नाही. पण शिवण लई हलकी म्हणून बॉडी वर आणि नेक खाली असं पण होतं, ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) जड असतील तर जास्तच. मला विचाराल तर मधे सागवान आणि बाजूला शिवण, हा जोड झकास बसतो, आणि अखंड फळीत हे जमणारच नाही.

आता जोड कुठं द्यायचा. मी तीन तुकडे करतो, मधला पाच इंच, बाजूचे साडेचार-साडेचार, लांबी एकवीस. नेकचा खाचा अडीच इंचाच्या आसपास, ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायची पट्टी) साधारण सव्वातीन, दोन्ही मधल्या तुकड्यातच बसतात, स्क्रू जोडावर येत नाहीत. दोन तुकड्यांत बरोबर मधोमध जोड आला तरी चालतं, फक्त मग जोड खरंच चांगला पाहिजे. कडेच्या तोंडाला वळ्या दिसतात त्या एका फळीच्या वर आणि शेजारच्या खाली अशा उलटसुलट लावा.

खरं काम रंध्याचं. दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या समोरासमोर करून वाइसमधे एकत्र धरा आणि दोन्ही काठांवर एकदमच रंधा मारा, म्हणजे रंधा जरासा तिरका गेला तरी उघडल्यावर दोन्ही तिरकेपणा एकमेकांना खाऊन टाकतात. मग एकावर एक उभ्या ठेवून मागून मोबाइलची टॉर्च लावा. टोकांना उजेड दिसला तर परत रंधा, मधे केसाएवढा दिसला तर चालतो, क्लॅम्प ओढून घेतो. सागवान तेलकट असतं म्हणून चिकटवायच्या जरा आधीच ताजा रंधा मारून अ‍ॅसिटोननं पुसा, आणि मास्क लावा, सागाच्या भुशानं घसा धरतो, अंगाला खाज पण सुटते. फेविकॉल दोन्ही काठांना पातळ लावा, क्लॅम्प खालून दोन वरून एक. जोडाच्या सगळ्या लांबीवर राईएवढे थेंब बाहेर आले की बास, अजून आवळलं तर गोंद सगळाच बाहेर जातो आणि जोड उपाशी राहतो. थेंब रबरासारखे झाले की पटाशीनं खरवडा, ओल्या फडक्यानं पुसू नका.

चोवीस तासांनी क्लॅम्प काढा पण लगेच सपाट करू नका. गोंदातल्या पाण्यानं जोडाजवळचं लाकूड फुगलेलं असतं, तेव्हाच घासलं तर नंतर तिथं बारीक चर पडतो आणि पॉलिशमधे बरोबर दिसतो. चार दिवस थांबा. मग फळीच्या टोकाचा वाया जाणारा एक इंचाचा तुकडा कापा, वाइसमधे जोडाच्या खाली धरा आणि वरून हातोडी घाला. गोंदाच्या रेषेवर साफ सुटला तर सगळं परत रंध्यापासून, शेजारचं लाकूड फाटलं तर आकार कापायला घ्या.