नव्या सरांना हातोडी कुठे आहे ते आधी सांगा

आमच्या संगीतशाळेची वेळापत्रकं, किल्ल्या आणि तक्रारी ही तीन खाती गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहेत. मी स्वतः गात नाही. हार्मोनियमवर चार अलंकार येतात, तेही कोणी ऐकत नसेल तर. पण या काळात पंचवीस-तीस शिक्षक आले, काही टिकले, काही गेले. गेलेल्यांचा विचार केला तर मानधनाचं कारण फार थोड्यांचं निघतं. बहुतेकजण पहिल्या महिन्यात एकटे पडले म्हणून गेले.

पहिली चूक माझीच. व्हायोलिनच्या एक ताई आल्या. मी सगळ्यांसमोर त्यांच्या स्वागताचं झकास भाषण केलं आणि बोटाने खोली दाखवून दुसऱ्या कामाला लागले. आत आठ मुलं, एकाचंही नाव त्यांना माहीत नाही. दोन व्हायोलिनच्या घोड्या, म्हणजे तारा पेलणारे लाकडी आधार, पडलेल्या. नोटेशन ठेवायचे स्टँड कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. ताईंनी तो तास मुलांकडून सरगम म्हणवून घेऊन निभावला. तीन आठवड्यांनी फार सभ्य शब्दांत ‘जमत नाही’ असं कळवलं. भाषण मात्र छान झालं होतं, असं पुष्कळांनी सांगितलं.

तेव्हापासून भाषण बंद. आता काय करते ते सांगते.

येण्याआधी एक कागद

शिक्षक रुजू होण्याच्या आधीच एक कागद त्यांच्या हातात जायला हवा. मानधन कोणत्या तारखेला मिळेल, विद्यार्थी आला नाही तर तास धरला जाईल का, शिक्षक आजारी पडले तर कोणाला कळवायचं आणि बदली तास कोण घेणार, एवढं त्यात साध्या भाषेत लिहायचं. आणि एक ओळ कधीही विसरायची नाही: कार्यक्रमाच्या तालमी मानधनात धरल्या आहेत की नाहीत. माझ्या पाहण्यातली निम्मी भांडणं या एका न लिहिलेल्या ओळीवरून झाली.

विनामूल्य शिकवणाऱ्यांनाही हाच कागद द्या. त्यांना तर जास्तच गरज. सेवाभावाने येणाऱ्या माणसाचे तास आपण ‘तेवढं एक बघाल का’ म्हणत वाढवत नेतो, आणि तो एक दिवस न सांगता यायचा थांबतो.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियमही याच कागदावर. आधी जिथे शिकवलं तिथल्या दोघांशी आपण स्वतः बोलायचं. वर्गाच्या दाराला काच हवी, नसेल तर दार उघडं. निरोप पालकांना जातील, मुलांना परस्पर नाहीत. आणि व्हायोलिनच्या गजाची पकड किंवा तबल्यावरचं बोट दुरुस्त करताना हात लावण्याआधी विचारायचं, ‘हात धरून दाखवू का?’ जुन्या वळणाच्या काही शिक्षकांना हे अपमानास्पद वाटतं. मी त्यांना सांगते की हा नियम सगळ्यांना आहे, आपल्या सर्वांत ज्येष्ठ गुरुजींनाही. मग वाद होत नाही.

पहिला दिवस

वर्ग भरलेला असताना बोलवू नका. रिकाम्या शाळेत अर्धा तास आधी बोलवा आणि बरोबर हिंडा. वीज कुठून चालू होते, कोणत्या खोलीत कोणाचा आवाज झिरपतो, सुटे तारांचे संच कोणत्या खणात आहेत, गजाला लावायची राळ कुठे, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा चार्जर कुठे. तबल्याचे शिक्षक असतील तर सगळ्यात आधी तबला सुरात लावायची हातोडी. आमच्याकडे हातोडी ही वस्तू अंतर्धान पावण्यासाठीच जन्माला येते. शेवटी मी ती दोरीने खिडकीच्या गजाला बांधली. पुढच्याच आठवड्यात दोरी तिथे होती.

वाद्यं त्यांना आपल्यासमोर हाताळू द्या. हार्मोनियमचा भाता कुठे हवा सोडतो, कोणता स्वर अडकतो, हे त्यांना पाच मिनिटांत कळतं आणि मुलांसमोर फजिती होत नाही. लाकडी वाद्यांच्या खोलीत आर्द्रता साधारण 40 ते 60 टक्के असावी. आम्ही तिथे एक साधं आर्द्रतामापक टांगलं आहे. ते बघायचं काम त्या खोलीतल्या शिक्षकाचं, हेही त्याच वेळी सांगून टाकायचं. तास संपला की व्हायोलिनच्या गजाचे केस सैल करून ठेवायचे, हे मोठ्या मुलांना ठाऊक असतं, पण शिक्षकाच्या तोंडून गेलं की पाळलं जातं.

ड्रमच्या शिक्षकांना खोली दाखवताना कानांचंही बोला. कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास अशी आहे आणि दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला जेमतेम एक तास. लहान खोलीत ड्रम वाजत असतील तर एवढा आवाज सहज होतो. म्हणून त्यांचे तास सलग लावू नका, आणि कानात घालायचे प्लग शाळेच्या खर्चाने द्या. ‘मला सवय आहे’ असं उत्तर येईल. तरी द्या.

आणखी एक बारीक गोष्ट. त्यांना काय म्हणून हाक मारायची ते त्यांनाच विचारा. सर, ताई, मॅडम, गुरुजी, यातलं एखादं कोणाला खुपतं आणि ते स्वतःहून कधी सांगत नाहीत. आमचे एक चोवीस वर्षांचे शिक्षक ‘गुरुजी’ ऐकून महिनाभर कानकोंडे होत होते.

कोणती लिपी, कोणता सूर

इथे जरा थांबते, कारण हे कोणी सांगत नाही.

स्वर लिहायच्या आपल्याकडे दोन पद्धती आहेत. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार, म्हणजे वरच्या सप्तकातला. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब डोक्यावर असेल तर तो मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला. ताललिपीतही तसंच. भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणाकाराची खूण आणि खालीला (टाळी न देता हात मोकळा सोडायच्या जागेला) शून्य, तर पलुस्कर पद्धतीत समेला 1 आणि खालीला अधिकाची खूण. आमच्या एका वर्गातली मुलं दोन महिने जुन्या वह्यांतून एक सप्तक चुकीचं वाचत होती आणि नव्या ताईंना वाटत होतं की मुलांचा कान कच्चा आहे. शाळा कोणती लिपी वापरते ते पहिल्याच दिवशी सांगा. शिक्षकांना दुसरी सवयीची असेल तर ती वापरू द्या, फक्त प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर खुणांचा तक्ता चिकटवा.

दुसरं, सूर. गायनाच्या आधीच्या ताई काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून, शिकवायच्या. त्यांच्या जागी आलेल्या सरांचा सूर काळी एक. मुलींना खाली ओढलं की मंद्रात त्यांचा आवाज लागेना, सरांनी वर जायचं म्हटलं की तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, त्यांची दमछाक. आठवडाभर दोघेही कष्टी. मग एका जुन्या सारंगीवादकांनी सुचवलं की काळी एकचा पंचम (‘प’) म्हणजेच काळी चार. सरांनी आपल्या मंद्र पंचमाला षड्ज मानलं आणि मुलींपेक्षा एक सप्तक खालून गाऊन दाखवायला लागले. तानपुरा काळी चारलाच राहिला. ही अडचण येणार हे मला आधीच दिसायला हवं होतं. आता शिक्षक निवडतानाच मी दोन गोष्टी लिहून घेते: त्यांचा स्वतःचा सूर आणि त्या वर्गातल्या मुलांचा. त्यावरून तबला कोणता काढून ठेवायचा तेही ठरतं, कारण चढ्या सुराला बोलणारा लहान तोंडाचा तबला फार खाली उतरवला तर नुसता भद्द वाजतो.

गिटार किंवा कीबोर्ड शिकवायला कोणी आलं तर हार्मोनियमवर लावलेला तक्ता त्यांना दाखवा: पांढरी एक म्हणजे सी, काळी चार म्हणजे जी शार्प. आणि ‘सा’ कुठेही असू शकतो, हे हसत हसत पण स्पष्ट सांगा. एकत्र वाजवायचं असेल तेव्हा सगळे हार्मोनियमला मिळवून घेतात. आमची जुनी पेटी 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा थोडी चढी आहे. ती जागच्या जागी उतरवता येत नाही. कीबोर्डचा सूर मात्र एक बटण दाबून हलवता येतो.

जुन्या शिक्षकांची मुलं

सगळ्यात नाजूक काम हे. मुलं वाद्यावर प्रेम करतात त्याच्या आधी शिकवणाऱ्यावर करतात. नवे सर आले की एखादा मुलगा हमखास म्हणतो, ‘आधीचे सर असं नव्हते सांगत.’ आणि तो खरं बोलत असतो. तबल्याचा एकच ‘ना’ हा बोल कोणी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) घेतं, कोणी लवेवर (चाट आणि शाई यांच्या मधल्या भागावर). दोन्ही बरोबर, पण अकरा वर्षांच्या मुलाला ते कसं कळावं?

म्हणून जाणाऱ्या शिक्षकांकडून प्रत्येक मुलामागे चार-पाच ओळी लिहून घ्या. परीक्षा किती झाल्या हे नको, ते नोंदवहीत असतंच. हवं ते असं: ‘विलंबितात (संथ लयीत) घाई करते. डावखुरी आहे, तबला-डग्गा उलटे मांडावे लागतात. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवा कान तुमच्याकडे येईल असं बसवा. सर्वांसमोर चूक दाखवली तर पुढचे दोन तास गप्प.’ अशी एक चिठ्ठी नव्या शिक्षकाचे दोन महिने वाचवते.

शक्य असेल तर एक तास दोघांनी मिळून घ्यावा. त्यात जुन्या सरांनी मुलांसमोर एक वाक्य बोलायचं: ‘हे सांगतील ते आता बरोबर.’ हे त्यांच्याच तोंडून यायला हवं, मी शंभरदा सांगून उपयोग नाही. जुने शिक्षक रागावून गेले असतील तर हे जमत नाही. तेव्हा मी नव्या शिक्षकांना सांगते की पहिले दोन आठवडे हाताची ठेवण बदलू नका. मुलांना येतं ते वाजवू द्या, ऐका, नावं पाठ करा. तिसऱ्या आठवड्यात दुरुस्तीला हात घाला. पालकांनाही मीच आधी गाठते. फाटकाशी उभं राहून नव्या सरांची आधीच्यांशी तुलना करणारे एक-दोन पालक कोण, हे आपल्याला माहीत असतंच.

सोबत

प्रत्येक नव्या शिक्षकाला पहिल्या तीन महिन्यांसाठी एक जुना शिक्षक सोबती म्हणून द्या. तो त्याच वाद्याचा नको. तबल्याच्या माणसाला तबल्याचाच सोबती दिला की घराणी मध्ये येतात आणि सोबत बाजूला राहते. गाणाऱ्या ताईंनी ड्रमवाल्या मुलाला सांभाळलं, हे आमच्याकडचं सगळ्यात यशस्वी उदाहरण.

वर्ग बघायला जायचं तर आधी नव्या शिक्षकाने जुन्यांच्या वर्गात जाऊन बसावं, जुन्यांनी त्यांच्याकडे नंतर. उलट केलं की ती तपासणी वाटते. आणि वर्ग बघून आलेल्याने मुलांसमोर एक शब्द बोलायचा नाही.

वार्षिक कार्यक्रम जवळ आला असेल तर नव्या शिक्षकाच्या वर्गाला ‘या वर्षी नाही केलं तरी चालेल’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर ते तीन आठवड्यांत मुलांकडून काहीतरी घोकून घेतात आणि पाया तसाच राहतो.

सहाव्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर वीस मिनिटं बसते. काय जमतंय हे विचारत नाही, कारण सगळं ‘छान चाललंय’ असंच उत्तर मिळतं. विचारते की कोणत्या तासाला यायचा कंटाळा येतो आणि कोणती वस्तू शोधण्यात वेळ जातो. मागच्या वेळी तबल्याच्या नव्या सरांनी पहिल्या प्रश्नाला बराच विचार करून शनिवारचा शेवटचा तास सांगितला. तो आम्ही हलवला. दुसऱ्याला त्यांनी अजिबात विचार केला नाही.

‘हातोडी,’ ते म्हणाले. ‘मी माझी घरून आणतो आता. पण ती कुठे ठेवू?’